काउंटरवर मागितलेली बाटली

दिवाळी झाली की आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुस्त्यांचे फड सुरू होतात. त्याच दिवसांत माझ्या मेडिकलच्या काउंटरवर पोरं एक इंजेक्शन मागायला लागतात. हातात चिठ्ठी नसते, मोबाइलवर बाटलीचा फोटो असतो. "अक्का, हे आहे काय?" एवढंच विचारतात. मराठी पोरगा असो नाहीतर कन्नड, आवाज तेवढाच हळू.

औषधाचं नाव मेफेंटरमाइन. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर काही पेशंटचं बीपी एकदम खाली येतं, ते वर आणायला ऑपरेशन थिएटरात हे देतात. देणारा डॉक्टर मॉनिटरवर डोळे लावून शेजारी उभा असतो. जिमच्या आणि तालमीच्या पोरांना यातलं एकच कुणीतरी सांगितलेलं असतं: टोचलं की दम लागत नाही, झोप उडते, अंगात रग येते. काळीज किती वेगानं धावतं, सवय कशी लागते, डोकं फिरून माणूस घरच्यांवरच संशय कसा घ्यायला लागतो, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते, रोज सांगते, आणि बाटली देत नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी थोरल्या भावाचा मुलगा दुकानात आला. वय 19. आधीची दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत तो कोपऱ्यात थांबला. नखांत तांबडी माती तशीच होती.

"आत्ती, एका मित्रासाठी पायजे होतं."

मी काही न बोलता त्याला स्टुलावर बसवलं आणि बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला. दंड एवढा भरलेला की पट्टा जेमतेम पुरला. बीपी 168 वर 104, नाडी 126. म्हणाला, "आत्ताच जोर मारून आलोय की." अंगावर घामाचा थेंब नव्हता. डाव्या कोपराच्या खोबणीत सुईचे दोन निळे ठिपके होते आणि त्यांच्याभोवती हिरवट पडलेला डाग. माझी नजर तिथं गेली तशी त्यानं बाही खाली ओढली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

भाचा जातो त्याच तालमीतले आमचे आप्पा. पहाटे चारला उठून हौदा उकरायचे. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं, आणि ती माती अंगाला लागलेली असतानाच घरी यायचे. दूध, बदाम, तूप एवढा खुराक, तोही परवडेल तेवढाच. 1988 साली सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन 9.79 सेकंदांत 100 मीटर धावला आणि नमुन्यात स्टेरॉइड सापडलं म्हणून तिसऱ्या दिवशी त्याचं सुवर्णपदक काढून घेतलं. त्या बातमीचं कात्रण आप्पांनी तालमीच्या भिंतीला चिकटवलं होतं. मी तेव्हा लहान होते. स्टॅनोझोलॉल हे त्या स्टेरॉइडचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तो बजरंगबलीच्या तसबिरीशेजारी.

आप्पांच्या वेळी फडाची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात यायची. अमुक गावच्या मल्लानं तमुक वस्तादाच्या पठ्ठ्याला पोकळ घिस्सा डावावर चितपट केलं, एवढीच ओळ. पण त्या ओळीत गाव होतं, वस्ताद होता, डाव होता. भाच्याच्या मोबाइलवर मी रील बघितल्या, मुद्दाम त्याच्या शेजारी बसून बघितल्या. त्यात दंड दिसतो, छाती दिसते, मागं हलगी वाजते. डाव लागायच्या आतच रील संपते. फडाला पंधरा दिवस उरलेत आणि आपलं अंग तसं दिसत नाही, हे पोराला रोज रात्री दिसत राहतं. सुई पहिल्यांदा तिथं टोचली जाते, असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी निकालावरून वाद झाला आणि मल्लानं पंचाला लाथ मारली. त्या मल्लावर 3 वर्षांची बंदी आली. भाच्याला ती लाथ तोंडपाठ होती. अंतिम कुस्ती कशी झाली, विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. पुढं आमच्याच भागातल्या एका जत्रेच्या फडात पोरांनी म्हाताऱ्या पंचाला घेरलं. त्यांचा पटका मातीत पडला, तो कुणी उचलला नाही, आणि सभोवती मोबाइल मात्र वर झाले. ते पंच आप्पांच्या जोडीला खेळलेले. मला ते दृश्य अजून सहन होत नाही.

पोरं म्हणतात, सगळेच घेतात. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 साली रिओ ऑलिम्पिकला पोचला होता. नमुन्यात मेथान्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं होतं. कुणीतरी खाण्यात मिसळलं, असं तो सांगत राहिला आणि नाडानं, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक तपासणी करणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्थेनं, ते मानलंही. पण क्रीडा लवादानं कुस्तीच्या आदल्या दिवशी 4 वर्षांची बंदी घातली. 2022 साली भारतात तपासलेल्या 3,865 नमुन्यांपैकी 125 मध्ये बंदी असलेली द्रव्यं सापडली. जिथं तपासणी होते तिथली ही गत. गावच्या फडात तर नाव पुकारलं, सलामी झाली की कुस्ती लागते, लघवी तपासायला कोण येतं?

भाऊ माझ्यावरच चिडला, "पोराचं नाव खराब करू नको" म्हणाला. भाचा दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मी वस्तादांना जाऊन भेटले, दारातच उभं राहून सगळं सांगितलं. ते बराच वेळ मातीकडं बघत राहिले. मग त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि बाह्या वर करायला लावल्या. भाच्याबरोबर आणखी दोघांच्या हातावर तसेच ठिपके निघाले. वस्ताद ओरडले नाहीत. ते खाली बसले.

त्या दिवसापासून मी दर रविवारी बीपीचं मशीन घेऊन तालमीत जाते. वस्ताद म्हणाले, सहाला या, जोर मारायच्या आधी. भाचा ओळीत शेवटी उभा राहतो. परवा त्याचं बीपी 132 वर 84 होतं. मी वहीत लिहिलं, तेवढ्यात त्यानं दुसरा हातही पुढं केला, आणि मी तो दिव्याखाली धरून नीट बघितला.