होळकरांची ड्युसेनबर्ग आणि पिथमपूरचा ट्रॅक

धामणोद मागे पडलं की आग्रा रोड गणपती घाटाला भिडतो. खाली निमाडचा उकाडा, वर माळव्याचं पठार आणि मधल्या चढावर माल भरलेल्या ट्रकांची रांग. पुण्यात माझं कामच इंजिन टेस्टिंगचं, त्यामुळे अशा चढावर कान आपोआप बॉनेटकडे लागतात. वेग कमी, लोड जास्त, रेडिएटरला वारा जेमतेम. मानपूरला वर पोचलो, काच खाली केली आणि थोड्याच वेळात महू आलं.

इंदूरला मावशीकडे येणं नेहमीचंच. या वेळी मात्र माणिकबाग पाहायचं मनात होतं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल उभारून घेतला. कळस नाही, घुमट नाही, सरळ रेषा आणि मोकळ्या भिंती. आज तिथे केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे, आतलं फर्निचर 1980 साली मोनाकोच्या लिलावात गेलं. बाहेरून पाहून निघावं लागतं. दरबारी थाट पाहायचा असेल तर इंदूरचाच लालबाग महाल बरा. पण या संस्थानिकाची नजर काय होती ते माणिकबागेच्या सपाट भिंतीच सांगतात.

याच नजरेने त्यांनी गाडी निवडली. अमेरिकेतून ड्युसेनबर्ग एसजे या गाडीची चासी, म्हणजे बॉडीशिवायचा इंजिनासह सांगाडा, मागवली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर नारिंगी-काळी, लांबलचक स्पीडस्टर बॉडी चढवून घेतली. गाडी आता भारतात नाही. तिचे फोटो पाहणारे रंगावर भाळतात, माझा जीव मात्र बॉनेटखाली अडकतो.

फ्रेड ड्युसेनबर्ग लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आलेला, इंजिनिअरिंगची पदवी नसलेला माणूस. भाऊ ऑगीबरोबर त्याने आधी रेसच्या गाड्या बनवल्या. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली; इंडियानापोलिस 500 तर 1924, 1925 आणि 1927 अशी तीनदा. 1926 मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने त्यांची कंपनी घेतली आणि फ्रेडला सांगितलं की जगातली सर्वोत्तम गाडी बनव. 1928 च्या डिसेंबरमध्ये मॉडेल जे लोकांसमोर आलं. एका रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. कंपनीचा दावा 265 अश्वशक्तीचा होता, आणि तेव्हाच्या बहुतेक बड्या अमेरिकन गाड्या त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हत्या. रेसच्या मैदानावर शिकलेलं सगळं त्याने श्रीमंतांच्या गाडीत घातलं. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

पण एका रांगेतल्या आठ सिलिंडरांचं एक दुखणं असतं. पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, लांब होतो, आणि दर स्फोटाला ओला पंचा पिळावा तसा किंचित पिळला जाऊन सुटतो. ठरावीक आरपीएमला हे पिळणं वाढत गेलं की शाफ्ट तुटू शकतो.

हे दुसऱ्या दिवशी हातात घेऊन पाहायला मिळालं. काका इंदूरजवळच्या पिथमपूर या औद्योगिक गावातल्या एका कारखान्यातून रिटायर झालेत. ते मला ओळखीच्या क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे घेऊन गेले. या ग्राइंडिंगवाल्यांचं घराणं तीन पिढ्या इंदूरचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांनी एका डिझेल गाडीची क्रँक पुली, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारं चाक, पुढे केली. आत हब, बाहेर जड रिंग, मध्ये रबराचा पट्टा. बसवताना त्यांनी हब आणि रिंगवरून एक सरळ रेघ ओढली होती. आता रेघेचे दोन तुकडे बोटभर सरकले होते आणि रबराला भेगा.

"गाहक म्हणतो इंजिन थरथरतं, माउंटिंग बदला. बदललं, तरी थरथरतं. खरी गडबड इथं," ते रबरावर नख फिरवत म्हणाले.

पिळण्याची ताकद रबर खातं, शाफ्ट वाचतो. ड्युसेनबर्गने हेच काम पाऱ्याकडून करून घेतलं होतं. पाऱ्याने जवळजवळ भरलेल्या दोन नळकांड्या क्रँकशाफ्टवरच बोल्टने बसवल्या. शाफ्टला झटका बसला की आतला जड पारा मागे रेंगाळतो, घुसळतो आणि झटका जिरवतो. हे सांगितल्यावर मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "पारा गळत नव्हता?" इतका नेमका प्रश्न मला ऑफिसच्या मीटिंगमध्येही क्वचित ऐकू येतो.

मॉडेल जेला सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जोडून एसजे झालं, 320 अश्वशक्तीचं. 1932 च्या जुलैमध्ये फ्रेडचा पेनसिल्व्हेनियात अपघात झाला आणि त्यातून तो उठला नाही. होळकरांची गाडी त्याच्या मागे तयार झाली.

संध्याकाळी काकांबरोबर पिथमपूरला गेलो. तिथला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा हाय-स्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळ, आशियातला सर्वांत लांब. सर्वसामान्यांना आत प्रवेश नाही, पण मला बाहेरूनही भरून आलं. वळणं अशी कललेली आहेत की ताशी 250 किलोमीटरला टायरवर आडवा जोरच येत नाही, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी वळते. अडीचशेच्या वर पळणाऱ्या गाडीचा टॉप स्पीड मोजायला यापूर्वी देशात जागाच नव्हती, परदेश गाठावा लागे. इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर फेरीमागून फेरी पळवलं की तेल किती तापतं, फेसाळतं का, कूलंट टिकतं का हे कळतं. डायनोवर, म्हणजे इंजिन जागेवरच पळवून मोजायच्या यंत्रावर, बरंच दिसतं, समोरून अंगावर येणारा वारा मात्र तिथे नसतो. ड्युसेनबर्गचा कारखानाही इंडियानापोलिसमध्येच होता, चाचणीला तिथलाच चार किलोमीटरचा स्पीडवे.

"होळकरांची गाडी इथं पळवली असती तर?" काकांनी विचारलं.

एसजेचा वेग ताशी 217 किलोमीटरच्या घरातला धरला तर एक फेरी तीन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात. एवढ्या वेगाला आतल्या बाजूची लेन पुरली असती. इंजिनाची मला काळजी नाही काका, मी म्हटलं, पण त्या काळच्या टायरवर मी दुसरी फेरी घेऊ दिली नसती.