पंखा लागला की वाढणारा रेडॉन

रेडॉन, म्हणजे जमिनीतून वर येणारा किरणोत्सारी वायू, मोजणाऱ्या आम्हा लोकांना त्याचा आलेख साधारण कसा दिसणार हे पाठ झालेलं असतं. रात्री सगळं बंद, आकडा चढतो. सकाळी दारं-खिडक्या उघडल्या की उतरतो. मध्य मुंबईतल्या एका जुन्या सार्वजनिक शाळेत, रस्त्यापेक्षा थोडी खाली गेलेली एक खोली कॉम्प्युटर रूम म्हणून वापरात आहे. तिथला मॉनिटर सात दिवसांनी काढून आलेख उघडला, तर तो बरोबर उलटा. रात्री 40 बेकरेल (दर सेकंदाला विघटन होणाऱ्या अणूंची संख्या) प्रति घनमीटरच्या आसपास, सकाळी साडेसातनंतर चढ, अकराच्या सुमारास दोनशेच्या वर, चार वाजल्यानंतर उतार. शनिवारी शाळा अर्धा दिवस, चढही तेवढाच. रविवार सपाट.

सात दिवसांची सरासरी आली 77. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सुचवलेली संदर्भ पातळी 100 आहे, आणि ती गाठणं जमत नसेल तिथे 300 च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे कागदावर खोली पास. पण मुलं आत असतात तेवढ्याच तासांची सरासरी काढली तर 180! तिथे फक्त एलआर-115 ही रेडॉन नोंदवणारी प्लास्टिकची फिल्म टांगली असती तर हे कळलंच नसतं. ती फिल्म तीन महिने लटकवायची, मग 2.5 नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात 60 अंशांवर 90 मिनिटं ठेवायची आणि रेडॉनच्या विघटनातून निघणाऱ्या अल्फा कणांनी पाडलेली भोकं मोजायची. स्वस्त, भरवशाची पद्धत, बऱ्याच वर्गांसाठी तीच वापरावी. पण हाती येतो एकच आकडा, रात्र आणि सुट्ट्या धरून. शाळेसाठी तासागणिक नोंद हवीच, असं माझं ठाम मत आहे.

आधी मशीनवरच शंका घेतली. मॉनिटर भिंतीला चिकटून ठेवला तर थोरॉन, म्हणजे रेडॉनचाच एक अल्पायुषी प्रकार, आकडा फुगवतो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 55 सेकंदांचं, त्यामुळे तो भिंतीपासून फार लांब पोचत नाही. आमचं यंत्र भिंतीपासून दीड फूट, खिडकीपासून तीन फुटांहून लांब, बाकाच्या उंचीवर, एसीच्या झोताबाहेर होतं. तरी शेजारी दुसरं यंत्र ठेवून दोन दिवस घेतले. दोन्ही आलेख जुळले.

मग शिपाई मामांना विचारलं, साडेसातला इथे नेमकं काय सुरू होतं?

“एक्झॉस्ट लावतो ना. खोलीला ओल्या मातीचा वास येतो, बाई म्हणतात लवकर लाव. पण लावला की वास उलट वाढतोच. मग चारपर्यंत चालूच ठेवतो.”

उत्तर तिथेच होतं. बाहेरच्या धुळीमुळे खिडक्या सिलिकॉनने कायमच्या बंद केलेल्या, दाराला खाली रबरी पट्टी. पंखा हवा बाहेर फेकतो, आत यायला वाट नाही, खोलीत दाब काही पास्कलने घटतो, आणि मग हवा येते ती जमिनीतून. कोपऱ्यात केबलसाठी फरशी फोडून पाइप घातलेला, भोवती बोटभर फट तशीच. तिथे उदबत्ती धरली. पंखा बंद असताना धूर सरळ वर. पंखा लावल्यावर धुराची रेघ फटीपासून ढकलली जाऊन खोलीच्या आत वाकली.

रेडॉन तयार होतो तो दगड-मातीतल्या युरेनियमपासून. मुंबईच्या काळ्या पाषाणात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फार कमी, म्हणून इथे रेडॉन मोजायचीच गरज नाही, असं आमच्याच कामातले लोकही म्हणतात. दगडाबद्दल ते बरोबर आहेत. पण जमिनीतल्या हवेत रेडॉन हजारो बेकरेलपर्यंत असू शकतो. खोलीत येणाऱ्या हवेतला त्याचा लहानसा वाटाही पुरतो. खडक कुठला यापेक्षा इमारत जमिनीतून किती ओढते, हे आधी बघायला हवं.

पंखा नुसता बंद करणं हा उपाय नव्हे. चाळीस मुलं कोंडलेल्या हवेत बसतील. कंत्राटदार पांढरं सिमेंट भरतो म्हणाला. ते सुकताना आकसतं, पाइप हलला की कडेने सुटतं. म्हणून फट ब्रश आणि व्हॅक्यूमने कोरडी साफ केली, फोमचा बॅकर रॉड (फट भरायची दोरीसारखी पट्टी) दाबून बसवला आणि वर पॉलियुरेथेन सीलंट. पाइपच्या आत, केबलांच्या जुडग्याभोवती, कधीही काढता येणारी डक्ट पुटी. उद्या नवी केबल घालताना कोणी सीलंट कापू नये म्हणून. दोन दिवस तिथे कोणाला हात लावू दिला नाही.

पुन्हा मोजलं, एक्झॉस्ट चालू ठेवूनच: शाळेच्या तासांत 95. म्हणजे भिंत आणि फरशीच्या सांध्यांतून अजून येत होतं, आणि ते सगळे सांधे बुजवणं या जुन्या बांधकामात शक्य नाही. तेव्हा दिशाच फिरवली. एक्झॉस्ट काढून व्हरांड्याच्या बाजूने ताजी हवा आत ढकलणारा, फिल्टर लावलेला पंखा बसवला आणि दाराला वर जाळी केली. आता दाब आतून बाहेर. शाळेच्या तासांत 35, उदबत्तीचा धूर त्याच कोपऱ्यात फरशीकडे झुकतो.

यात बिघडतं ते फिल्टरमुळे. मुंबईच्या धुळीत तो महिन्याभरात बुजू शकतो, पंखा नुसता आवाज करतो आणि दाब जातो. दर पंधरा दिवसांनी धुवायचा, तारीख दारामागच्या तक्त्यावर लिहायची, असं हेडबाईंनी लावून दिलं. पंख्याला टायमर लावला, सात ते साडेचार.

खरी परीक्षा पावसाळ्यात. बाहेरची जमीन पाण्याने भरली की वायूला वर निघायची वाट बंद होते आणि तो इमारतीखालच्या कोरड्या भागाकडे वळतो. रेडॉन शोषून मोजणारे कोळशाचे डबे तेव्हा नकोत. दमट हवेत कोळसा पाणीच ओढतो आणि रेडॉन कमी धरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात फिल्म टांगणार, सप्टेंबरमध्ये काढणार, आणि मध्ये ऑगस्टचा एक आठवडा तेच मॉनिटर त्याच बाकावर ठेवणार.