पहिलीच्या वर्गात उबवलेली अंडी

जत तालुक्यातील आमच्या वस्तीवरच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. कोंबडी खुडूक बसलेली प्रत्येक मुलाने घरी पाहिलेली असली, तरी अंड्याच्या आत दिवसागणिक काय घडते हे त्यांना पाहायला मिळालेले नव्हते. म्हणून थर्माकोलचे खोके, बल्ब, लहान पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी यांचे उबवणी यंत्र मी तयार केले. दुकानातील अंडी कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची असल्याने त्यांतून पिल्ले निघत नाहीत. त्यामुळे शाळेशेजारच्या आजींकडून १२ गावरान अंडी घेतली. पिल्ले निघण्याचा २१ वा दिवस शाळेच्याच दिवशी यावा, म्हणून ती मंगळवारी ठेवली.

तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवले. अंड्यांच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून मुले ती दिवसातून दोनदा फिरवीत आणि लगेच साबणाने हात धूत. रात्रीची व रविवारची पाळी आजींनी सांभाळली. सातव्या दिवशी खिडक्या झाकून अंड्यांमागे बॅटरी धरली, तेव्हा लाल शिरांच्या जाळ्यात एक काळा ठिपका हलताना दिसला आणि वर्ग एकदम शांत झाला. तीन अंडी मात्र कोरी निघाली.

चौदाव्या दिवशी चार तास वीज गेली. आजींनी दिलेली वाकळ खोक्याभोवती गुंडाळून आम्ही ऊब टिकवली. अठराव्या दिवसापासून फिरवणे थांबवून पाणी वाढवले.

सोमवारी दुपारी पहिल्या अंड्याला टवका पडला. मंगळवारी परिपाठ झाला तरी पिल्लू आतच होते. "बाई, ते अडकलंय, सोडवूया की," असे एक मुलगी काकुळतीने म्हणू लागली. आतल्या पापुद्र्यातील रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या शरीरात जायचा असतो, घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन ते दगावू शकते, हे मी तिला सांगितले. खिचडीच्या सुट्टीपर्यंत ती खोक्यापाशीच बसून होती, आणि ओले, धापा टाकणारे ते पिल्लू तिनेच प्रथम पाहिले.

सात पिल्ले निघाली. अंग वाळल्यावर ती बल्बच्या उबेत ठेवली आणि पुढे आजींकडे दिली. उरलेल्या दोन अंड्यांतली पिल्ले मेली, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. "झोपली" म्हणणे मला पटेना. "लाईट गेली म्हणून का?" असे त्याच मुलीने विचारले. तसे असू शकेल, पण नक्की सांगता येत नाही, असे मी उत्तर दिले. मुलांनी ती दोन्ही अंडी कुंपणाजवळ पुरली.