शिगेची बाजू

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' हा सिनेमा बघा, असं मी कुणाला सुचवलं आणि त्यांनी तो खरंच बघितला, की पुढच्या भेटीतला प्रश्न ठरलेला : "म्हणजे जपानी 'नटसम्राट'च ना हा?" मी "नाही हो" म्हणते, तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो. या वेळी तुम्ही लेखी विचारलंत, म्हणून नीट सांगते.

गोष्ट वरवर तीच आहे. सिनेमा १९५३चा. ओनोमिची या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे येतं. थोरला कोइची डॉक्टर, मुलगी शिगे ब्युटी पार्लर चालवते. दोघांनाही सवड नाही. मग आईवडिलांना अटामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडतात. तिथे रात्रभर गोंगाट, म्हाताऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी रजा टाकून त्यांना शहर दाखवते. गावी परतल्यावर आई जाते. संपलं.

पण बेलवलकरांनी होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं होतं आणि पुढे लेकीच्या घरी चोरीचा आळ अंगावर आला. इथे कुणी काही वाटलेलं नाही, आळ नाही, दार कुणी लावून घेत नाही. रविवारी कोइची आईवडिलांना फिरायला न्यायला निघतो आणि नेमका एका आजारी पोराचा बाप दारात येतो. आता डॉक्टरने करायचं काय?

मला सगळ्यात जास्त आठवतं ते एक टेबल. आजीआजोबा यायचेत म्हणून नातवाचं अभ्यासाचं टेबल खोलीतून उचलून बोळात ठेवलंय. पोरगा शाळेतून येतो, ते बघतो आणि भडकतो, परीक्षा आहे, अभ्यास कुठे करू म्हणून. ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही थोडा खालीच असतो. त्यामुळे चालणारे पाय दिसतात, सरकती दारं दिसतात आणि खोल्या किती टिचभर आहेत ते कळतं. दवाखाना त्याच घरात. त्यात दोन माणसं वाढली.

आणि हा थोरला मुलगा आहे, हे लक्षात ठेवा. जुन्या जपानी कायद्यात घराणं हीच एक संस्था होती. कुटुंबप्रमुखाच्या हातात सत्ता, त्याच्यामागे सगळं थोरल्याकडे, आणि म्हातारपण सांभाळायचं तेही त्यानेच. युद्ध हरल्यावर, अमेरिकी अंमलाखाली, १९४७मध्ये नवी राज्यघटना लागू झाली, नागरी कायदा बदलला आणि ही व्यवस्था कागदोपत्री मोडीत निघाली. सिनेमात याबद्दल चकार शब्द नाही. पण सहा वर्षांनंतरचा कोइची फक्त वयाने थोरला उरलाय. बापही त्याच्याकडून हक्काने काही मागत नाही, रात्री जुन्या दोस्तांबरोबर बसून पितो आणि आपली मुलं तशी बरी निघाली म्हणायची, अशी स्वतःचीच समजूत घालतो. (या म्हाताऱ्या बापाचं काम करणारा नट चिशू र्‍यू तेव्हा जेमतेम ४९ वर्षांचा होता. सांगून कुणाला पटत नाही. आणि ओझू स्वतः? लग्नच केलं नाही. आईबरोबर राहिला.)

आता शिगे. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी महागाची मिठाई आणली, तर ही म्हणते, त्यांना एवढं कशाला, आणि स्वतःच खाते. गिऱ्हाइकाने विचारलं हे कोण, तर म्हणते गावाकडचे ओळखीचे. हारुको सुगिमुराने ती अशी उभी केलीये की चीड यायलाच हवी. आई गेल्यावर मात्र ढसाढसा रडते ती हीच. आणि अंत्यविधीनंतर जेवता जेवता आईचा कमरपट्टा, किमोनोवर बांधतात तो ओबी, आठवण म्हणून मागते तीही हीच. इथे माझ्या शेजारी बसलेलं कुणी ना कुणी "काय बाई आहे!" म्हणतंच.

धाकटी बहीण क्योकोही तेच म्हणते. तिला समजावते कोण, तर नोरिको! शिगेच्या वयाला आलं की बाईचा स्वतःचा संसार असतो, तिच्या मनात वाईट काही नाही, असं ती सांगते. पुढे सासऱ्यांनाही सांगते की तुम्ही समजता तितकी मी चांगली नाही, तुमच्या मुलाची आठवणही न येता दिवस जातात. ज्या सुनेला आपण देव्हाऱ्यात बसवायला निघालो होतो, तीच खाली उतरते. म्हणून हा 'नटसम्राट' नव्हे. तिथे आपण कुणाच्या बाजूने रडायचं हे ठरलेलं असतं.

माझी आई गेली तेव्हा तेराव्याला पानं वाढलेली असताना मी वहिनीला विचारलं होतं, "आईची ती जांभळी इरकली कुठंय गं?" वहिनी उठली आणि पिशवी घेऊन आली. साडी आधीच घडी घालून ठेवली होती तिने.