आठवी ब, पश्चिमेची खोली

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिका समितीचा पहिला फोन आला तेव्हा मी हो म्हटलं आणि विसरलो, तिसऱ्या फोनला आवाज जरा चढा आला म्हणून आज रात्री लिहायला बसलोय. विषय दिलाय, तू आर्किटेक्ट झालास, तर शाळेने तुला काय दिलं ते लिही. आता खरं सांगू का, ते "शाळेने मला घडवलं" टाईपचं मला जमत नाही, मराठीत मी कायम छप्पन-सत्तावन वाला, माझा निबंध बाई वर्गात मोठ्याने वाचून दाखवायच्या, कसा लिहू नये त्याचं उदाहरण म्हणून. पण एक गोष्ट शाळेने मला नक्की दिली आणि ती म्हणजे आठवी ब ची खोली.

९९ ला दहावी झालेल्यांना लगेच आठवली असेल. वरचा मजला, जिन्यावरून उजवीकडे, शेवटची. वर नुसता स्लॅब, पश्चिमेच्या भिंतीला दोन मोठ्या खिडक्या, त्यांच्यावर वीतभर छज्जा, पुढे एक झाड नाही. पाचव्या तासाला ऊन आत यायला सुरुवात व्हायची आणि सातव्या तासाला ते तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचं, मी दुसऱ्या बाकावर. ऑक्टोबरमध्येच डोकं भणभणायचं, मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की आम्ही सुटलो म्हणायचो. आणि त्याच शाळेत खाली जुनी बैठी इमारत, कवेलूची म्हणजे कौलारू, जाड भिंती, पुढे लांबच लांब व्हरांडा, तिथे पाचवी अ बसायची आणि ते पोट्टे दुपारी आरामात पेंगायचे. मला तेव्हा एवढंच वाटायचं की आपलं नशीब खराब. एकच शाळा, एकच ऊन, खाली गारवा आणि वर भट्टी, असं काहून, हे विचारायचं डोकं नव्हतं.

ते डोकं चित्रकलेच्या सरांमुळे आलं, तेही शिक्षा म्हणून. एलिमेंटरीची तयारी चालू होती, सरांनी व्हरांड्याचं चित्र काढायला लावलं, मी खांबांच्या सावल्या एक इकडे एक तिकडे अशा मनाने ठोकून दिल्या. सर वही बघून म्हणाले, "सूर्य काय तुझ्या घरचा आहे का बे, पाहिजे तिकडून काढायला?" आणि हातात खडू दिला. दर तासाची घंटा झाली की खाली जायचं, तिसऱ्या खांबाची सावली जिथे पडली असेल तिथे फरशीवर रेघ मारायची आणि परत वर्गात यायचं. दिवसभरात आठ रेघा झाल्या. सगळी शाळा हसली. पण संध्याकाळी त्या रेघा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसल्या ना, सकाळच्या लांब, दुपारच्या आखूड, परत लांब, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी कळलं, काय कळलं ते सांगता आलं नसतं. एलिमेंटरीला बी ग्रेड आली, इंटरमिजिएटला ए, आणि भूमितीच्या पेपरला सर म्हणाले हात बरा आहे तुझा.

बारावीनंतर इथे नागपुरातल्याच एका कॉलेजात आर्किटेक्चरला लागलो. हे नाटा वगैरे तेव्हा नव्हतं, आर्किटेक्चरची ती प्रवेश परीक्षा २००६ ला आली, त्या वर्षी तर मी पास होऊन बाहेर पडत होतो. पाच वर्षं, टी-स्क्वेअर, रोटरिंगचे पेन जे ऐन सबमिशनच्या रात्री चोंदतात, ट्रेसिंगवर चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची. घरच्यांना वाटायचं पोट्टा नुसता चित्रं काढून राहिला.

दुसऱ्या वर्षी घर डिझाईन करायला दिलं, धरमपेठेत डॉक्टरचं घर, खाली दवाखाना वर राहणं. मी लायब्ररीत जाऊन ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टचं व्हिला सव्वा हे घर बघितलं, पॅरिसजवळचं, १९३१ चं, पांढरं, बारीक खांबांवर उभं, चारही बाजूंनी खिडक्यांची सलग पट्टी. झालं, तेच उचलून धरमपेठेत ठेवलं. मॉडेल इतकं देखणं झालं की मीच त्याच्या प्रेमात. ज्युरीला, म्हणजे आमचं काम तपासायला, आलेल्या सरांनी मॉडेल हातात घेतलं, फिरवलं, पश्चिमेची बाजू माझ्याकडे केली आणि विचारलं, मे महिन्यात डॉक्टर कुठे राहणार? मी म्हटलं सर एसी. ते म्हणाले मग डॉक्टरची आई? मला उत्तर नाही आलं. (पुढे वाचलं की त्या मूळ घराचं छत गळायचं आणि मालकीणबाई कॉर्बुझिएला तक्रारीची पत्रं लिहायच्या. हे आधी माहीत असतं तर ज्युरीत कामाला आलं असतं.)

त्यानंतर दीड वर्ष मी सगळ्या मोठ्या आर्किटेक्टांची नक्कल केली. एक सेमिस्टर चार्ल्स कोरिया, एक सेमिस्टर बाळकृष्ण दोशी, एक लॉरी बेकर. मित्र म्हणायचे तुझी स्वतःची स्टाईल कुठे आहे बे. मला तेव्हा वाटायचं स्टाईल म्हणजे सहीसारखी असते, बसून गिरवली की येते. कोरियांच्या अहमदाबादच्या ट्यूब हाऊसचा सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसतं ते चित्र, मी इतक्या वेळा काढला की डोळे मिटून काढीन, अरुंद घर, उतरतं छप्पर, गरम हवा छताखालून सरकत वर जाते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते, आणि एका रात्री काढता काढता लक्षात आलं की अरे हे तर पाचवी अ. कवेलूच्या फटी! आमच्या शाळेचं छप्पर कोणी आर्किटेक्टने काढलं नसणार, मिस्त्रीने बांधलं असणार, पण गरम हवा जायची तशीच.

तिसऱ्या वर्षी नागपूरच्या महाल भागातला एक जुना वाडा मोजायला गेलो, मेझर्ड ड्रॉइंग म्हणतात, टेप घेऊन इंच न् इंच मोजायचं. कोनाडेसुद्धा. आठ दिवस आम्ही तिथे पडीक होतो आणि तिथल्या आजी रोज चहा द्यायच्या. मी प्लॅनवर खोल्यांची नावं लिहायला म्हणून विचारलं, आजी तुमची झोपायची खोली कोणती? त्या म्हणाल्या, "कोणत्या महिन्यात?" उन्हाळ्यात दुपारी माजघरात, रात्री चौकात नाहीतर वर गच्चीवर, पावसाळ्यात माडीवर, थंडीत चुलीच्या भिंतीला लागून जी खोली आहे ती. मी पेन्सिल खालीच ठेवली. आमच्या कॉलेजच्या प्लॅनमध्ये बेडरूम म्हणजे बेडरूम, बाराही महिने, पलंग काढून दाखवायचा.

त्याच वर्षी पुन्हा सेवाग्रामला गेलो. शाळेची सहल सातवीत गेली होती तिथे, पण त्या सहलीतलं मला पवनारच्या नदीत भिजलेला डबा तेवढा आठवत होता. या वेळी गांधीजींच्या बापूकुटीत तासभर बसलो. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरलेली वळचण, बाजूने पडवी, भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेलं ताडाचं झाड. १९३६ ला गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा ते गाव म्हणजे नुसतं शेगाव होतं, वर्ध्याजवळचं. एवढा गाजलेला माणूस, आणि वळचण इतकी खाली का, तर ऊन आणि पाऊस दोन्ही आत येऊ नये, बस. मला वाटतं आर्किटेक्चरच्या पोरांना परदेशी स्टडी टूरला न्यायच्या आधी इथे पंचाहत्तर किलोमीटरवर न्यावं, मे महिन्यात न्यावं.

एवढं सगळं कळल्यावर मी काय केलं असेल? २००८ ला पहिलं घर मिळालं, काकांचं, मनीषनगरकडे, तीस बाय पन्नासचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला. आणि मी हॉलला रस्त्याच्या बाजूने आठ बाय सहाची काच लावली. एलिवेशन, म्हणजे दर्शनी बाजू! लोकांनी गाडी थांबवून बघावं असं. मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, इकडून ऊन येते ना जी." मी त्याला डिग्री असलेल्या माणसासारखं हसून दाखवलं. काकांनी पहिल्या उन्हाळ्यात काचेवर पेपर चिकटवला, दुसऱ्या वर्षी काळी फिल्म, तिसऱ्या वर्षी काकूंनी हिरवी नेट बांधली, जी रोपवाटिकेला असते ती. २३ मे २०१३ ला नागपुरात तापमान ४७.९ झालं, त्या संध्याकाळी काकांचा फोन आला, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "बाबू, घर मस्त बांधलं तू, पण चार ते सात आम्ही मारुतीच्या देवळात जाऊन बसतो."

त्या रात्री मी जे गणित कॉलेजात करायला पाहिजे होतं ते केलं. नागपूर साधारण एकवीस अंशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून २६ मे च्या आसपास, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटाचा छज्जा पुरून उरतो. पण संध्याकाळी पाचला तोच सूर्य पश्चिमेला पंचवीसेक अंशावर उतरलेला असतो आणि तोच दोन फुटाचा छज्जा खाली जेमतेम अकरा इंच सावली टाकतो. बाकी सगळी खिडकी उन्हात. आठवी ब! मी काकांकडे आठवी ब बांधून ठेवली होती. आणि काच नसती तरी नऊ इंची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री नऊ-दहाला घरात सोडते, आपण झोपायला जातो तेव्हाच.

काकांच्या घराला मग मी स्वतःच्या खर्चाने पुढे छपरी काढून दिली, आठ फूट खोल, इतवारीत एक जुनं घर पाडत होते तिथून कवेलू आणले. काच तशीच आहे आत. आता काका दिवसभर छपरीतच असतात, देवळात फक्त शनिवारी.

तिथून पुढे माझी घरं एकसारखी व्हायला लागली, मी ठरवलं नव्हतं. पश्चिमेला छपरी, नाही जमली तर जिना, बाथरूम, स्टोअर असल्या खोल्या तिकडे ढकलायच्या, ऊन त्यांना खाऊ द्या. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला, जिथे काँक्रीट तसंही फार काम करत नाही तिथे, उपडे कवेलू भरायचे. पश्चिमेची भिंत लॉरी बेकरांनी केरळात बांधायचे तशी, वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, मधे पोकळी राहते, विटाही साधारण पाव भाग कमी लागतात. या पद्धतीला रॅट-ट्रॅप म्हणतात हे सांगायची चूक मी एका क्लायंटकडे केली, त्यांच्या मिसेस म्हणाल्या, म्हणजे उंदीर राहणार का भिंतीत?

आणि वास्तू. वास्तूवाले मालकाची बेडरूम नैऋत्येला सांगतात, म्हणजे दक्षिण-पश्चिम कोपरा, म्हणजे नागपुरात अख्ख्या घरातली सगळ्यात गरम खोली मालकाला! मी आता वाद घालत नाही, नैऋत्य तर नैऋत्य, फक्त पश्चिमेच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फूट खोल आलमारी टाकतो. ऊन साड्यांना लागते, माणसाला नाही. क्लायंट खूश, वास्तूवाला खूश.

पण ज्याच्यावरून माझं घर ओळखू येतं ती गोष्ट वेगळीच निघाली. मागच्या वर्षी बॅचमधला एक मित्र फोनवर म्हणाला, त्रिमूर्तीनगरात एक घर बघितलं, तुझं काम का बे? मी म्हटलं कशावरून? मनात वाटलं छपरी म्हणेल, विटांचं काम म्हणेल. तो म्हणाला, "कुलरचा ओटा आहे ना!" झालं. पाच वर्षं कोरिया-दोशी-बेकर आणि स्टाईल कोणती, तर कुलरचा ओटा. पण खरं आहे ते. नागपुरात प्रत्येक घर कुलर लावते आणि एकही प्लॅन कुलर दाखवत नाही, मग तो लोखंडी स्टॅंडवर उन्हात लटकतो, पाणी पाईपने भरा, गळून भिंतीला ओल. मी प्रत्येक घरात छज्ज्याखाली सावलीत ओटा काढतो, वर नळ, खाली पाणी जायला नाली, आणि समोरच्या भिंतीला वर झरोका, कारण कुलर हवा आत ढकलतो तेवढी बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते. लोक दारं-खिडक्या बंद करून कुलर लावतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. जुलैत हवेतच ओल असते, तेव्हा कुलर काही करू शकत नाही, तेव्हा ओट्यावर कुंड्या ठेवायच्या.

अमृतमहोत्सवाच्या मीटिंगला शाळेत आलो तेव्हा खिशात टेप होता, सवय. खालचा व्हरांडा मोजला. मला इतकी वर्षं वाटत होतं दहा फूट तरी असेल, निघाला सात फूट दोन इंच. तिसऱ्या खांबाजवळची फरशी बदललीय, खडूच्या रेघा तर सोडाच. चित्रकलेचे सर आता नाहीत, त्यांना काकांची छपरी दाखवायची होती.

वर आठवी ब मध्ये गेलो, साडेतीनला. पोरं खिडकीकडे पाठ करून बसली होती, बाक फिरवून, आमच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही. खिडकीला जुन्या बॅनरचं कापड बांधलंय, त्यावरचं "हार्दिक स्वागत" आतून उलटं दिसतं.

तर समितीला ड्रॉइंग देऊन ठेवलंय, फी नाही. दोन्ही खिडक्यांबाहेर लोखंडी चौकट आणि त्यात सिमेंटची जाळी, स्लॅबवर चुना, डावीकडे कुलरचा ओटा नळासकट, समोर झरोका. खाली मैदानाच्या कडेला दोन कडुनिंब, ते वर पोचायला दहा-बारा वर्षं घेतील. खर्च ९९ च्या बॅचने उचलायचा ठरलाय. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत, पैसे आतापर्यंत अकरा जणांनी दिलेत, आणि जो शेवटच्या बाकावर सावलीत बसून आमच्यावर हसायचा त्याने अजून दिले नाहीत, त्याला हे वाचून कळेलच.