मिलेचेंतो इंजिन अपडेट: बोअर परत ६८ वर, आता सगळं लक्ष हेडवर

मंडळी, ब्लॉक एकदाचा मशीन शॉपमधून आला. आमच्या डुक्कर फियाटचा, म्हणजे फियाट ११०० चा (मिलेचेंतो म्हणजे इटालियनमध्ये अकराशे), हा ब्लॉक, इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य भाग, आधीच्या मालकांनी इतक्यांदा रिबोअर (सिलिंडर आतून घासून मोठे) करून घेतला होता की पुढचा ओव्हरसाइज पिस्टन मिळणंच शक्य नव्हतं, म्हणून चारही सिलिंडरला ड्राय लायनर (आत बसवायच्या नळ्या) मारले आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, परत स्टँडर्ड ६८ मिमीवर आणला. एवढा खर्च करतोयस तर जाड लायनर कशाला, थोडा मोठाच बोअर ठेव, सीसी वाढेल, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. त्याचं उत्तर जरा लांबलचक देतो, कारण माझ्या मते या इंजिनाची खरी मजा त्या ६८ मध्येच आहे.

६८ बोअर, ७५ स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर), चार सिलिंडर, गुणाकार केला की १०८९ सीसी. फियाटचा इंजिनिअर दांते जाकोसाने हे इंजिन १९३७ च्या फियाट ५०८ सी साठी केलं, कास्ट आयर्नचा ब्लॉक, वर झाकणासारखं बसणारं ॲल्युमिनियमचं हेड, पुशरॉडवर (खालून वर ढकल पोचवणाऱ्या काड्यांवर) चालणारे ओव्हरहेड व्हॉल्व्ह आणि क्रँकला, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंग. साधी घरगुती गाडी, ३२ हॉर्सपॉवर. पण इटलीत तेव्हा ११०० सीसीचा रेसिंग क्लास जोरात होता आणि हे इंजिन त्या मर्यादेच्या जेमतेम १०-११ सीसी खाली बसत होतं. आता गंमत बघा, बोअर ०.२ ने वाढवला तर १०९६ होतात, चालतं, ०.४ ने वाढवला की ११०२, म्हणजे क्लासच्या बाहेर! बोअर वाढवून ताकद काढायचा रस्ताच बंद. जे काय करायचं ते हेडमध्ये, कार्ब्युरेटरमध्ये, आरपीएममध्ये आणि गाडीचं वजन कमी करून. त्या काळच्या छोट्या इटालियन रेसिंग गाड्या इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या दिसतात त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

फियाटने स्वतःच सुरुवात केली. ५०८ सी एमएम, एमएम म्हणजे मिले मिलिया, इटलीतली रस्त्यावरची हजार मैलांची रेस, गाडी १९३८ ची, त्यात तेच इंजिन ४२ हॉर्सपॉवरवर नेलं आणि वर वाऱ्याला कापत जाणारी बंद बॉडी चढवली, गाडी ताशी १४० किमीपर्यंत पळायची. ११०० सीसीत, १९३८ साली!

मग १९४० ची ८१५. एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही अशी अट होती, म्हणून गाडीवर फेरारी हे नाव नाही, कंपनीचं नाव ऑटो आव्हिओ कॉस्त्रुत्सिओनी. त्यात आठ सिलिंडर एका ओळीत, १४९६ सीसी, ब्लॉक ॲल्युमिनियमचा नवीन ओतलेला, आणि वर हेड कुठली तर फियाट ११०० ची, दोन, एकापुढे एक! इथे क्लास १५०० चा म्हणून बोअर-स्ट्रोक ६३ बाय ६० केला, म्हणजे पिस्टन आणि क्रँक बदलले पण हेड फियाटचंच ठेवलं. ब्रेशियाच्या रेसमध्ये दोन गाड्या उतरल्या, एक आल्बेर्तो आस्कारीकडे (पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता), दोन्ही अर्ध्यात बंद पडल्या, तरी डिझाइन म्हणून मला ती फार आवडते.

आणि सगळ्यात वरची चिसितालिया. या कंपनीचा मालक पिएरो दुसिओ याच्या सांगण्यावरून जाकोसानेच डी४६ ही रेसिंग गाडी काढली, स्टीलच्या पाइपांची स्पेसफ्रेम, इंजिनाला ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत), साठच्या वर हॉर्सपॉवर आणि सगळी गाडी ४०० किलोच्या आत. सप्टेंबर १९४६ मध्ये तोरिनोच्या व्हॅलेंतिनो पार्कमधली पहिलीच रेस दुसिओने स्वतः जिंकली, त्याच रेसमध्ये प्रसिद्ध रेसर ताझिओ नुव्होलारीच्या हातात स्टिअरिंग व्हील निघून आलं होतं. पुढच्या वर्षी मिले मिलियाला ५४ वर्षांचा नुव्होलारी ११०० च्या उघड्या चिसितालियातून धो धो पावसात दुसरा आला, पहिला बिओंदेत्ती, तो २.९ लिटरच्या अल्फात! १०८९ सीसी आणि पुशरॉड, विचार करा.

तर आपण त्या घराण्याचं इंजिन उघडून बसलोय. १९५३ ची ११००/१०३ म्हणजे आपली डुक्कर, ३६ हॉर्सपॉवर, माप तेच ६८ बाय ७५. इटलीत १९६२ ला ११०० डी आली तेव्हा बोअर ७२ झाला, १२२१ सीसी, पण आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने पद्मिनीपर्यंत १०८९ च ठेवलं. त्यामुळे ६८ चे पिस्टन-रिंग अजून शोधले तर मिळतात, ६८ वर परत यायचं हे व्यवहारी कारणही आहेच.

माझं टार्गेट रेसिंग नाही, १९५३ चीच ११०० ची जोरदार आवृत्ती टीव्ही, तुरिझ्मो व्हेलोचे. तिच्यात कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) ६.७ वरून ७.६ केलं, डबल बॅरल वेबर कार्ब्युरेटर लावला, आणि सुमारे ५० हॉर्सपॉवर काढले, ५४०० आरपीएमच्या आसपास. त्या आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेरा मीटर, साध्या इंजिनात ४४०० ला ११. म्हणून खालच्या बाजूला कंजुषी नाही केली, क्रँक ग्राइंड करून तिन्ही मेन आणि बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे) बेअरिंग नवीन, कनेक्टिंग रॉड सोनाराच्या काट्यावर एकमेकांशी एका ग्रॅमच्या आत जुळवले, नुसतं एकूण वजन नाही, मोठं टोक वेगळं आणि छोटं टोक वेगळं.

आता हेड. एका सिलिंडरचे २७२.४ सीसी, म्हणजे ६.७ साठी वर ४७.८ सीसी जागा लागते आणि ७.६ साठी ४१.३, यात गॅस्केटची दाबलेली जाडी आणि पिस्टनच्या वरची उरलेली जागा दोन्ही धरायची. आधी व्हॉल्व्हच्या सीटचं कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) पूर्ण केलं, कारण सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो आणि चेंबर, म्हणजे हेडमधली ज्वलनाची पोकळी, वाढतं, मोजमाप त्याच्यानंतरच. मग प्लग लावला, ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी चिकटवली, भोकातून ब्युरेटने (मापाच्या नळीने) रंगीत रॉकेल सोडलं. चार चेंबरमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं यात जवळजवळ दोन सीसीचा फरक निघाला. कारखान्यातून असं येणं नॉर्मल आहे पण स्लो आयडलिंगला थरथर येते त्यात याचा हात असतो असं माझं मत. आता लहान चेंबर हळूहळू घासून मोठ्याच्या बरोबरीला आणतोय, चौघं सारखे झाले की मगच हेड फेसिंगला (खालची बाजू तासून सपाट करायला) जाईल. फेसिंग झाल्यावर पुशरॉड तेवढाच लांब पडतो, रॉकरचा (पुशरॉडची ढकल व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीचा) कोन बिघडतो, म्हणून रॉकर स्टँडखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालायचे, त्यांचा पत्रा आणून ठेवलाय.

पेट्रोलची काळजी विचारली होती एकाने. ७.६ ला आजच्या पेट्रोलवर नॉकिंगचा (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटून ठोके येण्याचा) प्रश्नच नाही, प्रश्न पेट्रोलमधल्या इथेनॉलचा आहे, तो जुनं रबर खातो, म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होस नवीन मटेरियलचे घेतले.

राहिला कार्ब्युरेटर. डबल बॅरलला बसेल असा जुना इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर ते हेड जोडणारा नळ) कोणाकडे पडला असेल तर फ्लँजचा फोटो आणि बोल्टांमधलं अंतर कळवा, चालू स्थितीत नसला तरी चालेल, नाहीतर मी स्टीलच्या पाइपचा वेल्ड करून घेणार आहे आणि त्याचं ड्रॉइंग पुढच्या अपडेटमध्ये टाकतो.