सागवानी टेबलावरचा पांढरा डाग

टेबलावर गरम कप टेकला, पांढरं वर्तुळ उमटलं, की घरात लगेच 'सगळं घासून नवीन पॉलिश करून टाकू' सुरू होतं. कृपया थांबा. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकूड शाबूत आहे. काळा डाग वेगळा. तिथे पाणी लाकडात उतरलेलं असतं, आणि पॉलिश काढल्याशिवाय तो जात नाही.

आधी पॉलिश ओळखा. पायाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा (लाख विरघळवणाऱ्या अल्कोहोलचा) बोळा दहा-पंधरा सेकंद टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या द्रावणाने) मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक रासायनिक पॉलिश. त्यावर पुढचा उपाय चालत नाही.

लाखेवरचा डाग दोन दिवस उघडा राहू द्या, कधी आपोआप फिका होतो. नाही झाला तर मलमलच्या घडीला स्पिरिटचा नुसता ओलसरपणा द्या. हाताच्या पाठीवर गार लागेल, पण ओल उमटणार नाही, इतकाच. मग डागावरून हलक्या हाताने झपाझप फिरवा. हात मध्येच थांबला की पॉलिश उचललं जातं.

टेबल जपायला अंथरलेलं पारदर्शक प्लॅस्टिकच बऱ्याचदा त्याचा घात करतं. मऊ पीव्हीसीतला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) लाखेत आणि लॅकरमध्ये उतरतो, थर चिकट होतो, शिवाय खाली दमट हवा कोंडते. सुती कापड घाला, गरम भांड्याखाली जाड मॅट ठेवा.

चमक राखायला मेणाचं पॉलिश घरीच करता येतं. ५० ग्रॅम मधमाशीचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून लांब नेऊन त्यात १५० मिली टर्पेंटाइन मिसळा. अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने चकाकवा. वर्षातून दोनदा पुरे. सिलिकॉनचे चकचकीत स्प्रे मात्र टाळा, त्यावर पुढे दिलेल्या पॉलिशच्या थरात खड्डे पडतात.

नव्याने पॉलिश करायचं तर पावसाळ्यात नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. लिटरभर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा (पापुद्र्यांची) लाख पुरते. द्रावण सहा महिन्यांहून जुनं असेल तर काचेवर एक थेंब टाकून बघा. सकाळपर्यंत कडक वाळला नाही, तर ते टेबलाला लावू नका.